हात न टेकता

सोलापुरात आमच्या शुक्रवार पेठेत दळण आणायला जायचं तर पायात बळ लागतं. गिरणी लांब आहे म्हणून नव्हे, ती माझ्या घरापासून चार दारं सोडून आहे. गुरुशांतआण्णांच्या ह्या गिरणीत पूर्वी भिंतीला टेकून एक लांब बाकडं होतं. ते त्यांनी यंदाच्या उन्हाळ्यात उचलून माळ्यावर टाकलं आणि त्या जागी जमिनीवर एक लाकडी पाट ठेवला. गिऱ्हाइकानं पाटावर मांडी घालून बसायचं, दळण होईपर्यंत खुशाल गप्पा मारायच्या, आणि डबा भरला की दोन्ही हात छातीशी बांधून, कुठंही न टेकता, उठून उभं राहायचं. मगच डबा मिळतो.

"एळ्रि!" आण्णा गिरणीच्या घरघरीवरून ओरडतात. आण्णांच्या घरात कानडी आणि गिरणीत मराठी, असा त्यांचा नियम आहे. पण हा एक शब्द घरातून गिरणीत आला. एळ्रि म्हणजे उठा. आता आमच्या गल्लीत कानडीचं अक्षर न येणाऱ्या बायकासुद्धा नवऱ्याला सकाळी "एळ्रि" म्हणूनच उठवतात.

हात टेकला की संपलं. "टेकला! मी बघितलो की. बसा परत." डोक्याचे केस, भुवया, कानावरची लव, सगळं पिठानं पांढरं झालेले आण्णा कमरेवर हात ठेवून समोर उभे राहतात. वय छप्पन्न-सत्तावन्न, अंगात बनियन, खांद्यावर टॉवेल. मी स्वतः पन्नाशी ओलांडलेली बाई, शाळेत भूगोल शिकवते. पहिल्याच दिवशी मी त्यांना सरळ सांगितलं, "आण्णा, मी दळण न्यायला आलेय, कवायतीला नाही."

"कवायत न्हाय बाई, परीक्षा हाय. तुमी पोरांची घेता, आमी तुमची घेतो."

मी उठले ती भिंतीला धरून. "नापास," आण्णा म्हणाले, आणि तेही माझ्या वर्गातल्या दोन मुलांच्या आया बाजूला उभ्या असताना. मला राग आला. तो अजून पुरता गेलेला नाही.

आमच्या हेडमास्तरांची त्याहून वाईट गत झाली. त्यांच्या घरचं दळण एरवी बायको आणते. ती माहेरी गेली म्हणून हे आले, पाटावर बसले ते बसलेच. एकदा डावीकडे कलले, एकदा उजवीकडे, मग नुसतेच आढ्याकडं बघत राहिले. शेवटी आण्णांनी त्यांना काखेत हात घालून उचललं, आणि उचलता उचलता त्यांचा दंड चाचपून म्हणाले, "सर, शर्ट लई भारी हाय. आत काय न्हाय."

हे दंड चाचपणं म्हणजे आण्णांची दुसरी खोड. माणसाची ख्यालीखुशाली ते तोंडाला विचारत नाहीत, दंडाला विचारतात. बायकांच्या बाबतीत मर्यादा पाळतात, डबा कसा उचलता तेवढंच बघतात. पण पुरुष भेटला की हात आधी दंडावर. एकदा आमच्या मागच्या गल्लीतले एक गृहस्थ वारले. भेटायला गेलेले सगळे खाली माना घालून बसले होते. आण्णांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला, तो हळूहळू दंडावर उतरला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा दबक्या आवाजात आण्णा म्हणाले, "दुःख हाय, कबूल हाय. पण डाळ सोडू नको." त्या घरात रडणाऱ्या बायकांनी तोंडाला पदर लावले, त्यातल्या निम्म्या हसत होत्या.

लग्नाच्या पंगतीत त्यांच्या शेजारी बसायला कुणी तयार नसतं. आपल्या ताटापेक्षा त्यांचं लक्ष दुसऱ्याच्या ताटात. "भात दोनदा घेतला, आमटीकडं बघितलं बी न्हाय. ह्येचं कसं व्हायचं?" असं ते वाढप्यालाच विचारतात. तो बिचारा काय सांगणार? मग वऱ्हाडातल्या एखाद्या चाळिशीच्या माणसाला ते गाठतात आणि सुरू होतात. "मसल जाती. केस गेले तर आरशात दिसतंय, दात गेला तर जिभेला कळतंय. मसल गेलेली कळत बी न्हाय. एक दिवस तुमी खाली बसता अन् उठायला जाता, तवा कळतंय." एवढं बोलून आण्णा एकदम गप्प होतात. ऐकणाऱ्याला वाटतं, सुटलो.

ते का गप्प होतात हे मला ठाऊक आहे. महानंदावहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, मला स्वतः सांगितलंय.

यंदा संक्रांतीनंतर वहिनींचं पिशवीचं ऑपरेशन झालं. त्यावर ताप धरला. बरेच दिवस त्या अंथरुणाला खिळून होत्या. मुलगी विजापूरला दिलेली, ती येऊन राहून गेली. वहिनी उठून चालू लागल्या, सगळं ठीक झालं असं सगळ्यांना वाटलं. वहिनींची रोजची लिंगपूजा कधी चुकत नाही. आंघोळ करून जमिनीवर बसायचं, गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, भस्म, बेल, पाणी, डोळे मिटून जप. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच त्या तशा खाली बसल्या. पूजा झाली. उठायला गेल्या तर मांड्यांनी ऐकलं नाही. गुडघ्यावर यायला गेल्या, तोल गेला, परत बसल्या. जवळपास धरायला काही नव्हतं. त्यांनी हाक मारली. भिंतीपलीकडे गिरणी, सकाळची दळणाची गर्दी, पट्ट्याचा आणि जात्याचा आवाज. हाक पोचली नाही. आण्णा दुपारी जेवायला आत आले तेव्हा वहिनी देवापुढं तशाच बसलेल्या होत्या. "कवापासनं?" आण्णांनी विचारलं. "आत्ताच की," वहिनी म्हणाल्या. पण समईतलं तेल संपून वात जळाली होती.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हाडं ठणठणीत आहेत, मांड्यांचे स्नायू झिजलेत. चाळिशीनंतर ते सगळ्यांचेच हळूहळू कमी होत जातात, आणि माणूस अंथरुणावर पडून राहिला की भराभर जातात. डाळी, दूध वाढवा. खुर्चीतून उठबस करा, मग पाटावरून. लागलं तर प्रोटीनची पावडर घ्या. तोवर पूजा खुर्चीवर बसून करा.

ह्यातलं वहिनींनी फक्त शेवटचं ऐकलं, तेही मनाविरुद्ध. "एसटीत बसून देव धरल्यागत वाटतंय, बाई," त्या मला म्हणाल्या. "आता पूजा उरकती. होत न्हाय." पुन्हा जमिनीवर बसून पूजा करायची आणि आपलं आपण उठायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. पण त्यासाठी करायचं ते करायला त्यांना लाज वाटायची. "खुर्चीतनं उठ-बस करताना कुणी बघितलं तर म्हणतील, महानंदा म्हातारी झाली."

आण्णा त्याच आठवड्यात सात रस्ता चौकाजवळच्या एका दुकानात जाऊन पावडरचा डबा घेऊन आले. दुकानात सगळी दंड फुगवलेली पोरं. "कुणासाठी, काका? बॉडी करताय?" दुकानदारानं विचारलं. "मला न्हाय, बायकोला," आण्णा म्हणाले. दुकानदारानं पुढं काही न विचारता डबा पिशवीत घातला. डबा आमच्या दळणाच्या डब्याएवढा, काळाकुट्ट, आणि त्यावर कमरेच्या वर काहीही न घातलेला एक धिप्पाड पुरुष. वहिनींनी तो बघितला आणि म्हणाल्या, "ह्याला आधी कपडे घाला. देवाच्या खोलीसमोर असला माणूस नको." शेवटी त्यांनीच त्याला ओटीत आलेला एक खण गुंडाळला. तो डबा अजून त्यांच्या स्वयंपाकघरात हिरव्या खणात उभा आहे.

पावडर त्यांनी एकदाच ताकात घालून घेतली. "खडू विरघळवल्यागत लागतंय." आण्णांनी डब्यावरचा हिरवा ठिपका दाखवला, दुधापासून केलंय म्हणून समजावलं. "दुधाचं हाय तर दूधच आणायचं की," वहिनी म्हणाल्या. मग आण्णांनी ज्वारीत सोयाबीन आणि फुटाण्याचं डाळं घालून त्यांच्यापुरतं वेगळं पीठ दळलं. वहिनींनी पिठात हात घातल्याबरोबर ओळखलं आणि डबा बाजूला सारला. "माझ्या एकटीच्या ताटात येगळं काय नको. येगळं ताट आजाऱ्याचं असतंय." आण्णांनी तो डबा उचलून परत गिरणीत नेला.

आणि मग श्रावणात आमच्या गल्लीतल्या भाकऱ्या मोडू लागल्या.

माझ्या सासूबाई ऐंशीच्या घरात आहेत, पण भाकरी अजून स्वतः थापतात. माझ्या हातची त्यांना जाड वाटते. एका सकाळी त्यांची भाकरी परातीतच चिरली. दुसरी तव्यावर टाकताना हातात तुटली. तिसरीला त्यांनी पाणी जास्त लावून बघितलं, तिचा लगदा झाला. मी म्हटलं, "आई, ज्वारी जुनी असेल, पिठाची विरी गेली असेल." विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा, तो गेला की भाकरी थापली जात नाही. सासूबाई परातीकडं बघत म्हणाल्या, "ज्वारी न्हाय गं. मीच जुनी झाले. हात गेला माझा." आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्या घरात आल्यापासून सासूबाईंना भाकरीवरून रडताना बघितलं नव्हतं. भाकरीवरून मी रडले होते, ती गोष्ट वेगळी.

गल्लीतल्या प्रत्येक घरात हेच चाललं होतं, आणि कुणी कुणाला सांगत नव्हतं. सोलापुरात भाकरी मोडली ही चारचौघांत सांगायची गोष्ट नाही. कुणी तुकडे दुधात कुस्करून "आज काला खा, पोटाला हलका" म्हणून वाढले, कुणी दोन दिवस नुसता भात केला, समोरच्या घरातल्या बाईनं तर खानावळीतून कडक भाकरी आणून स्वतःची म्हणून खपवली. शेवटी भाजीच्या गाड्यापाशी कुणीतरी कुणाला हळूच विचारलं, "तुमची कशी होती वो हल्ली?" आणि बांध फुटला. अर्ध्या तासात सगळ्याजणी डबे घेऊन गिरणीत.

"मूठभरच घातलो," आण्णा म्हणाले. "सोयाबीन अन् डाळं. चांगल्यासाठीच की!"

मी सगळ्यांत पुढं होते. सासूबाईंचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. "आण्णा," मी म्हणाले, "लोकांच्या डब्यात न विचारता काही मिसळणं ह्याला चांगलं म्हणत नाहीत. एखाद्याला सोयाबीन सोसत नसेल तर? आणि माझी सासू चार दिवस आपले हात गेले म्हणून रडतेय, ते कुणाच्या चांगल्यासाठी?"

आण्णांनी गिरणी बंद केली. आवाज थांबल्यावर त्यांचा स्वतःचा आवाज किती लहान आहे हे मला पहिल्यांदाच कळलं. "ती एकटीच्या ताटातलं खात न्हाय, बाई," ते म्हणाले. "सगळे खातात तेच खाणार म्हणती. मग म्हणलं, सगळ्यांचंच तसं करावं."

रागावायला आलेलं माणूस मधेच रागावता येईनासं झालं की कसं अवघडून उभं राहतं, तशा आम्ही उभ्या होतो. मी तर डब्याचं झाकणच उघडत-लावत होते.

संध्याकाळी आण्णा घरोघर नवीन पीठ घेऊन फिरले. आमच्याकडं आले, सासूबाईंच्या पाया पडले. सासूबाईंनी आधी त्यांना मनसोक्त शिव्या घातल्या. मग विचारलं, "महानंदा खाल्ली का ती भाकर?"

"खाल्ली, काकू. सगळ्यांच्याच मोडत्यात म्हणल्यावर खाल्ली."

"मग हे पीठ घेऊन जा माघारी. आमाला तेच दे. उकळतं पाणी घेऊन मळलं की थापता येतंय. आधी सांगितला असतास तर रडले नसते, मुडद्या."

ज्यांना सोयाबीन चालत होतं त्यांनी तेच पीठ चालू ठेवलं. सासूबाई अधूनमधून हुलग्याचं, म्हणजे कुळथाच्या पिठाचं, पातळ माडगं करतात आणि पातेलं घेऊन वहिनींकडं जातात, "मला एकटीला गोड लागत न्हाय" म्हणून. दोघी मिळून पितात. सासूबाईंना माडगं आवडत नाही, हे घरात आम्हाला सगळ्यांना माहीत आहे.

पाटावरच्या परीक्षेचा अर्थही मला त्याच सुमाराला लागला. एकदा दिवेलागणीला मी वहिनींकडं बसले होते. आण्णा गिरणी बंद करून आत आले, तोंडावरचं पीठ धुतलं, आणि वहिनींनी पहिला प्रश्न विचारला, "आज कोण पडलं?" मग आण्णांनी सगळ्यांच्या नकला केल्या. कोण कसं कललं, कुणी टेकलेला हात कसा पदराखाली लपवला. हेडमास्तरांची नक्कल तर वहिनींनी पुन्हा करायला लावली. हसता हसता त्यांना ठसका लागला. भिंतीला धरून उठणारी एक भूगोलाची बाईसुद्धा त्यात होती, ती मी समोर बसलेली असताना आण्णांनी मोठ्या सफाईनं गाळली. "इतक्या लोकांना जमत न्हाय," वहिनी डोळे पुसत म्हणाल्या, "तर मला न जमायला काय झालं?" त्या दार लावून खुर्चीवर उठबस करू लागल्या होत्या. पुढं खुर्चीऐवजी पाट आला.

दिवाळीच्या सुट्टीत एका सकाळी मी फराळाचं ताट घेऊन त्यांच्याकडं गेले. दळणाची ऐन वेळ, आणि गिरणी बंद. घाबरूनच मी मागच्या दारानं आत शिरले. बघते तर दोघंही देवापुढं जमिनीवर शेजारी शेजारी बसलेली. दोघांच्या तळहातावर लिंग. आण्णा अर्धे डोळे उघडे ठेवून वहिनी काय करतात ते बघत होते आणि तसंच करत होते.

पूजा झाली. वहिनींनी एक हात जमिनीला टेकला, गुडघा उभा केला आणि सावकाश उठल्या. मला इतका आनंद झाला की ताट हलून दोन चकल्या खाली पडल्या. मग आण्णा उठायला लागले. त्यांनी दोन्ही हात टेकले. "आई गं" केलं. अर्धे उठून परत बसले. शेवटी वहिनींनी हात दिला, तो घट्ट धरून ते कण्हत उभे राहिले. आदल्याच दिवशी मी त्यांना ज्वारीचं भरलेलं पोतं एकट्यानं पाठीवर घेताना बघितलं होतं. मी काही बोलणार, तेवढ्यात त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी तोंड मिटलं. ते गिरणीत गेले. पलीकडे घरघर सुरू झाली.

"बघितलं न्हवं त्यांचं नाटक?" वहिनी चहा ठेवता ठेवता म्हणाल्या.

"तुम्हाला कळतं?"

"पोती उचलणारा माणूस हाय. माझ्यासमोरच तेवढं उठता येईना व्हय? मला वाईट वाटू नये म्हणून करत्यात." त्यांनी गिरणीकडच्या दाराकडं एकदा बघितलं. मग माझ्यासमोर फरशीवर मांडी घातली, हात छातीशी बांधले, आणि उठल्या. सरळ. कुठंही न टेकता. मला ते अजून जमत नाही.

मी टाळी वाजवायला हात उचलले तर त्यांनी ओठावर बोट ठेवलं.

"कधीपासून?"

"दसऱ्यापासनं."

"अहो, मग सांगा की त्यांना! तो माणूस ह्यासाठी वेडा झालाय."

वहिनींनी गॅस बारीक केला. "सांगितले तर उद्यापासनं गिरणी येळेवर उघडतील, बाई. लगीन होऊन आले तवापासनं ह्या देवापुढं मी एकटीच बसले. ह्यांचं काय, आंघोळ केली, लिंगाला पाणी लावलं, की गिरणी. आता रोज बाजूला बसत्यात. पूजेतलं काय बी येत न्हाय, माझं बघून करत्यात. उठताना हात धरत्यात." चहा उतू चालला होता, तो त्यांनी फुंकर घालून खाली बसवला. "राहू दे की अजून थोडे दिवस."

माझे डोळे भरून आले. मी उठून दोघींचे कप मांडले.

जाताना गिरणीवरून गेले. आण्णा लगबगीनं पुढं आले, टॉवेलनं हात पुसत. "बाई, कशी वाटली? पायांनी बळ धरलंय न्हवं?"

"धरलंय," मी म्हणाले. "पण अजून थोडे दिवस लागतील, आण्णा."

"लागू द्या की," आण्णा म्हणाले. "गडबड कुणाला हाय?"

आणि मागं वळून त्यांनी कुणाची तरी ज्वारी गिरणीत ओतली.